मौनाची किंमत मुलींनी का मोजावी?

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे दिवस होते. आमच्या एका जुन्या स्नेह्याची मुलगी गणिताचा पेपर लिहिता लिहिता घेरी येऊन बाकावरून खाली पडली. रात्री जागून अभ्यास करते, सकाळी धड काही खाऊन जात नाही, त्याचाच हा परिणाम, असे घरच्यांना वाटले. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेपाच निघाले. या वयाच्या मुलीत ते किमान बारा असावे लागते. डॉक्टरांनी आईला विचारले, "पाळी कधी आली होती?" आईला नेमके सांगता येईना. उत्तर मुलीनेच दिले, तेही मान खाली घालून. "चालूच आहे. आज एकविसावा दिवस."

घर सुशिक्षित आहे. आई बँकेत नोकरी करते, वडील अनेक वर्षे सामाजिक कामात आहेत. घरात दोन वर्तमानपत्रे येतात आणि जगातल्या यच्चयावत विषयांवर चर्चा होते. मुलीच्या गुणपत्रिकेतील एकेका टक्क्याचा हिशेब या घरात ठेवला जातो. तिच्या शरीरातून तीन आठवडे वाहणाऱ्या रक्ताचा हिशेब मात्र कोणी ठेवला नव्हता. मुलीने विचारले नव्हते असेही नाही. पाळी सुरू झाली त्या पहिल्या वर्षी तिने आईला एकदा विचारले होते. आईने सहज उत्तर दिले होते, "अगं, आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं. मलाही जायचं, तुझ्या मावशीलाही. पुढे होतं नीट." आईच्या मनात मुलीला धीर देण्याखेरीज दुसरे काही नव्हते. पण मुलीने त्याचा अर्थ घेतला की हे सोसायचेच असते. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

संपादकीयाच्या पानावर हा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु ज्या विषयावर घरात बोलले जात नाही, शाळेत घाईघाईने उरकले जाते आणि दवाखान्यात मुलीऐवजी आईच उत्तरे देते, त्या विषयावर कुठेतरी स्पष्टपणे बोलावेच लागेल. कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकाने नाही तर मग कोणी बोलायचे?

'सुरुवातीला असेच असते' हे आपल्या घरोघरचे वाक्य निखालस खोटे नाही. ते अर्धे खरे आहे आणि म्हणूनच अधिक धोक्याचे आहे. मेंदूतील पीयूषिका ग्रंथी, अंडाशय आणि गर्भाशय यांच्यातील संवाद पाळी सुरू होताच लगेच सुरळीत होत नाही. पहिली दोन-तीन वर्षे अनेक महिन्यांत स्त्रीबीज बाहेरच पडत नाही. ते पडले नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, आणि गर्भाशयाच्या अस्तराची वाढ आवरणारे कोणी उरत नाही. अस्तर जाड होत जाते आणि मग ते ठरावीक वेळी, एकदम निघून न जाता तुकड्यातुकड्यांनी, आज थोडे, उद्या अधिक, असे ढासळत राहते. म्हणून पाळी कधी लवकर येते, कधी महिना चुकवते, कधी लांबते. बहुतेक मुलींच्या बाबतीत वय वाढते तशी ही घडी आपोआप बसते.

मात्र या स्वाभाविकतेलाही मर्यादा आहेत. त्या वैद्यकशास्त्राने आकड्यांत सांगितल्या आहेत आणि कोणत्याही आईला त्या सहज लक्षात ठेवता येतील. किशोरवयात एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवसांचे अंतर असू शकते. रक्तस्राव सात दिवसांपर्यंत चालू शकतो. दिवसाला तीन ते सहा पॅड लागू शकतात. या चौकटीत मुलगी असेल तर पाळी मागेपुढे झाली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण सात दिवस उलटूनही रक्त थांबत नसेल, तासा-दोन तासांत पॅड भिजून जात असेल, रात्री उठून कपडे बदलावे लागत असतील, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, २१ दिवसांच्या आत पुन्हा पुन्हा पाळी येत असेल, एकदा जरी दोन पाळ्यांत तीन महिन्यांहून अधिक अंतर पडले असेल किंवा पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही पाळी आलेलीच नसेल, तर 'पुढे होते नीट' हे वाक्य बाजूला ठेवून डॉक्टरांकडे गेले पाहिजे. आणि तासातासाला पॅड भिजत असताना मुलीला चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, ती पांढरीफटक दिसत असेल, तर उद्याची वाट पाहायची नाही. त्याच रात्री रुग्णालय गाठायचे.

म्हणजेच पाळी अनियमित असणे ही एक गोष्ट आहे आणि रक्त अतोनात जाणे ही दुसरी. पहिली बहुधा वयाची असते. दुसरीचे कारण वयच आहे, असे तपासणीआधी गृहीत धरता येत नाही. आपल्या घरांत या दोन गोष्टींची गल्लत होते आणि त्या गल्लतीत मुलींची वर्षे जातात.

आमच्या स्नेह्याच्या मुलीचेच पाहा. रुग्णालयातील डॉक्टर विचारी होत्या. त्यांनी रक्त चढवण्यापूर्वी तपासणीसाठी नमुने काढून ठेवले आणि आईला काही साधे प्रश्न विचारले. लहानपणी हिच्या नाकातून रक्त यायचे का? दात पडताना, हिरडीतून, रक्त लवकर थांबत नसे का? जरा कुठे आपटले की काळेनिळे डाग पडतात का? घरात आणखी कोणाला असे होते? आई एकेका प्रश्नाला 'हो' म्हणत गेली. मावशीचे गर्भाशय तर चौतिसाव्या वर्षीच काढून टाकावे लागले होते. "ताई, मग तुम्ही जे 'आमच्याकडे सगळ्यांनाच' म्हणत होतात ना, तोच तर आजार आहे," डॉक्टर म्हणाल्या. पुढील तपासण्यांत निदान झाले, फॉन विलेब्रँड विकार. रक्त गोठण्यासाठी लागणारे एक प्रथिन या विकारात कमी असते किंवा नीट काम करत नाही. हिमोफिलिया प्रामुख्याने मुलग्यांना होतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. हा विकार मात्र मुलामुलींत सारखाच आढळतो आणि आईकडून किंवा वडिलांकडून पुढच्या पिढीत येऊ शकतो. मुलींमध्ये तो प्रथम डोके वर काढतो तो बहुधा पाळीतच.

या विकाराचा इतिहासही एका मुलीपासूनच सुरू होतो. फिनलंड आणि स्वीडन यांच्या मधल्या समुद्रात ऑलंड नावाची बेटे आहेत. तेथील एका मोठ्या कुटुंबातील पाच वर्षांच्या मुलीला १९२४ मध्ये हेलसिंकी येथील डॉ. एरिक फॉन विलेब्रँड यांच्याकडे आणले गेले. तिच्या अनेक भावंडांना रक्तस्रावाचा त्रास होता आणि काही बहिणी बालवयातच दगावल्या होत्या. विलेब्रँड यांनी त्या घराण्याचा अभ्यास करून १९२६ मध्ये या विकाराचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. ज्या मुलीमुळे जगाला हा विकार कळला, ती स्वतः तेराव्या वर्षी, आयुष्यातल्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने मरण पावली. त्या काळी तिच्यासाठी करण्यासारखे फारसे काही नव्हते. आज पुष्कळ आहे. रक्ताची गुठळी टिकवून धरणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे औषध डॉ. उताको आणि डॉ. शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने शोधले आणि १९६२ मध्ये जगापुढे मांडले. आज ते साध्या गोळीच्या रूपात मिळते. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, लोहाचे उपचार आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही मुलगी इतर कोणत्याही मुलीसारखे आयुष्य जगू शकते. अट एकच, निदान व्हायला हवे.

हा विकार लाखांत एखादीला होणारा, म्हणून सोडून देता येणार नाही. पाळीत अतिरक्तस्राव होतो म्हणून तपासणीसाठी येणाऱ्या किशोरींपैकी सुमारे २० टक्के मुलींत रक्त गोठण्याचा कोणता ना कोणता दोष आढळतो आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल करावे लागलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के असते, असे अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये नमूद केले. नेहमीच्या साध्या तपासण्यांत तो पुष्कळदा दिसत नाही, त्यासाठी विशेष तपासणी लागते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. आपल्या राज्यातील कुटुंबांना त्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही.

अर्थात प्रत्येक मुलीला हाच विकार असतो असे नव्हे. थायरॉईडची कमतरता, ज्याला बोलीत आपण 'पीसीओडी' म्हणतो तो संप्रेरकांचा असमतोल, रक्तातील प्लेटलेट कमी होणे, काही औषधे, अशी अनेक कारणे असतात. म्हणूनच शेजारणीच्या मुलीला लागू पडलेली गोळी आपल्या मुलीला देऊ नये. पालकांच्या मनात दोन भीती असतात, त्यांविषयीही बोलले पाहिजे. पहिली, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेले की आतून तपासतील. कुमारिकांच्या बाबतीत बहुतेक वेळा त्याची आवश्यकता नसते. विचारपूस, रक्ततपासणी आणि गरज पडल्यास पोटावरून सोनोग्राफी एवढ्यावर काम भागते. दुसरी भीती, 'लोक काय म्हणतील, पुढे लग्नात अडचण येईल.' उपचार न केलेला रक्तक्षय लग्नात, बाळंतपणात आणि त्यानंतरही किती अडचणी आणतो, हे लक्षात घेतले तर ही भीती किती उलटी आहे ते कळेल. डॉक्टरांनी मुलीशी थोडा वेळ एकटीने बोलायचे ठरवले तर तो आपला अपमान समजू नये. आईसमोर जे ओठांवर येत नाही, ते तेथे येते. क्वचित मुलीवर कोणी अत्याचार केलेला असतो आणि तोही तेथेच प्रथम कळतो.

या प्रश्नाचे व्यापक रूप अधिक चिंताजनक आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९.१ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ५४.१ टक्के होते. म्हणजे दहातील सुमारे सहा मुलींचे रक्त मुळातच पातळ आहे. अशा मुलीला महिन्याला दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस रक्तस्राव झाला तर काय होईल? ती 'आळशी' होते, 'चिडकी' होते, तिचे 'अभ्यासात लक्ष लागत नाही', ती मैदानावरून वर्गात आणि वर्गातून अंथरुणात शिरते. आपण तिच्या स्वभावाला नावे ठेवतो. दोष तिच्या स्वभावात नसतो, लोहाच्या कमतरतेत असतो. सरकारी आणि अनुदानित शाळांतून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे. 'मळमळते' म्हणून ती दप्तरात किंवा खिडकीबाहेर जाते, हे शिक्षक जाणतात. ती जेवणानंतर घेतली, तासभर चहा टाळला आणि सोबत लिंबू किंवा आवळा घेतला तर सोसते आणि अंगीही लागते. अळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी, पालेभाज्या, खजूर हे सारे चांगलेच. पण हिमोग्लोबिन सहावर आलेल्या मुलीला केवळ लाडवांवर ठेवणे म्हणजे जळत्या घरावर तांब्याने पाणी ओतणे होय.

हे मौन म्हणजे आपली परंपरा, असा एक समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात शुद्ध आर्तवाचे लक्षण दिले आहे. महिन्याने येणारे, पाच रात्री टिकणारे, वेदना व दाह नसलेले, फार अधिक नाही आणि फार अल्पही नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अतिप्रमाणात आणि ऋतुकाळ नसतानाही होणाऱ्या स्रावाला 'असृग्दर' असे स्वतंत्र नाव आहे, आणि माधवनिदानात त्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. ज्यांनी इतक्या काटेकोरपणे दिवस आणि प्रमाण पाहिले, त्या ग्रंथकारांना हा विषय लाजेचा वाटला नव्हता. लाज पुढे कधीतरी आली आणि तिने 'कावळा शिवला', 'बाजूला बसली', 'अडचण आहे' असे आडपडदे विणले. १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील सभेत आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला जाण्याचे कारण सांगितले, ते हेच की या देशातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे. चौदाव्या वर्षी झालेले आपले मूल त्यांनी दहा दिवसांतच गमावले होते. ज्या समाजाने आनंदीबाईंची चरित्रे वाचली, त्यांच्यावरील नाटक-चित्रपट पाहिले, त्याच समाजातील मुलीला आज शहरात पावलोपावली डॉक्टर असताना एकवीस दिवस गप्प राहावे लागते, यासारखी विसंगती नाही.

याच संदर्भात आपल्या घरातील आणखी एका प्रथेविषयी स्पष्टपणे बोलणे भाग आहे. गौरी-गणपती, मंगळागौर, सत्यनारायण, घरातले लग्न, असे काही आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून सर्रास आणल्या जातात. चिठ्ठी नसते, तपासणी नसते. कधी तर शाळकरी मुलींनाही त्या दिल्या जातात. ही संप्रेरकांची गोळी आहे, खडीसाखर नव्हे. ती थांबवली की रक्तस्राव होतो. जिची पाळी अजून बसायची आहे, तिचे चक्र वारंवार अशा गोळ्यांनी ढवळले तर कोणता रक्तस्राव गोळीचा आणि कोणता आजाराचा, हे डॉक्टरांनाही उमजणे कठीण होते. क्वचित एखादीच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोकाही असतो. ज्या गौरीला आपण माहेरवाशीण म्हणून घरात आणतो, तिच्या आगमनासाठी घरातल्या लेकीचे आरोग्य पणाला लावावे, असे कोणत्या देवीला आवडेल? अशा दिवशी मुलगी एखाद्या कामात नसली तर सण उणा होत नाही.

तेराव्या वर्षी सुरू झालेले हे मौन पुढे कोठे पोहोचते, याचे पुरावे आपल्या राज्यातच आहेत. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. यामागे गरिबी होती, मुकादमाची उचल होती, खाडा झाला की कापला जाणारा पैसा होता, काही डॉक्टरांचा लोभही होता. पण पाळीच्या तक्रारीवर वेळेवर, साधे, योग्य उपचार न मिळणे हा त्या साखळीतील एक दुवा होताच. आमच्या स्नेह्याच्या घरातील मावशी ऊसतोड कामगार नव्हती, मध्यमवर्गीय गृहिणी होती. तिचाही शेवट त्याच शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाला, आणि मूळ विकाराचे नाव तिला तिची भाची आजारी पडल्यावर कळले.

मग करायचे काय? फार मोठी योजना नको. प्रत्येक मुलीजवळ एक छोटी वही किंवा दिनदर्शिका असावी. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, दिवसाला किती पॅड लागले, या तीनच नोंदी तिने कराव्यात आणि आईने महिन्यातून एकदा त्या पाहाव्यात. डॉक्टरांपुढे सहा महिन्यांची अशी वही ठेवली तर अर्धे निदान तेथेच होते. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासावे, त्याला फारसा खर्च येत नाही. घराण्यात कोणाला अतिरक्तस्राव होत असे, कोणाचे गर्भाशय लवकर काढले, हे आजी, आत्या, मावशी यांना मोकळेपणाने विचारून ठेवावे. अतिरक्तस्राव होत असलेल्या मुलीला दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. शाळांनी स्वच्छतागृहात पाणी, कडी आणि कचऱ्याची पेटी आहे की नाही हे आधी पाहावे, मग 'किशोरी मार्गदर्शना'चे व्याख्यान ठेवावे. पुष्कळ मुली शाळेत दिवसभर पॅडच बदलत नाहीत, मग किती पॅड लागले हे त्या कशाच्या आधारे सांगणार? आपले जे कार्यकर्ते वस्त्यांत अभ्यासिका, संस्कारवर्ग, आरोग्य शिबिरे चालवतात, त्यांच्या भगिनींनी शिबिराच्या यादीत डोळे आणि दात यांच्यासोबत किशोरींचे हिमोग्लोबिनही घ्यावे आणि ते कमी निघाल्यास 'पाळी किती दिवस असते?' हा प्रश्न न संकोचता विचारावा.

आणि वडील? 'हे बायकांचे' म्हणून उठून जाणे त्यांनी सोडून द्यावे. त्या रात्री रुग्णालयात दोन बाटल्या रक्तासाठी धावणारे वडीलच होते. रक्तदान शिबिरांचे आयोजन करण्यात त्यांची अनेक वर्षे गेली आहेत. दाखला हातात घेऊन रक्तपेढीच्या खिडकीशी उभे असताना त्यांच्या मनात आलेले वाक्य त्यांनी नंतर आम्हांला सांगितले. "इतकी वर्षं लोकांच्या रक्ताची काळजी केली. घरातलं रक्त जातंय, हे विचारायला मात्र मला संकोच वाटला."

ती मुलगी आता बरी आहे. परीक्षाही दिली. तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात एक लहानशी वही असते आणि दर महिन्याला त्यात तीन आकडे लिहिले जातात. आईनेही स्वतःची तपासणी करून घेतली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. 'आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं' हे वाक्य त्या घरात आता वेगळ्या अर्थाने उच्चारले जाते. पूर्वी ते बोलून विषय संपत असे. आता ते वाक्य डॉक्टरांना सर्वांत आधी सांगितले जाते. आपल्या घरातही हे वाक्य कधी कोणी मुलीला ऐकवले असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसून एवढेच विचारा, 'किती दिवस असते गं तुझी?' आणि तिच्या उत्तरातील दिवस मोजा.